तुम्ही विचारलंत म्हणून: आठशे रुपये

"चारचौघांत तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही, मग लाइफ कोच कशा झालात?" बडोद्यात, दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवाला हे विचारतात, आणि हल्ली या कामात नव्याने येणारी मुलंही विचारतात.

खरं सांगायचं तर सत्र घेताना मला फारशी लाज वाटलीच नाही. समोर एकच माणूस असतो आणि बोलायचं त्याने असतं. आपण सल्ला द्यायचा नाही. तुम्हाला काय हवंय, आज नेमकं कुठे अडलंय, वाटा कोणत्या दिसतात, त्यातली कोणती खरंच धरणार, एवढं विचारायचं आणि थांबायचं. लहानपणापासून कोपऱ्यात बसून ऐकत आले, ते इथे कामी आलं.

लाज आडवी आली ती पैसे मागताना. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी १०० तासांचा अनुभव लागतो आणि त्यातले ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. म्हणजे सुटका नव्हती.

रावपुऱ्यातल्या एका दुकानदार बाईंचा फोन आला. "केटला थशे, बेन?" मी म्हटलं, "आठसो." "सारुं, क्यारे आवुं?" संपलं. गुजरातीत भाव विचारणं आणि सांगणं मी बडोद्यात जन्मभर ऐकलंय, त्यामुळे जीभ अडखळली नाही. त्याच आठवड्यात ओळखीच्या एक काकू आल्या. "फी किती गं तुझी?" आणि मी मराठीत पटकन म्हणून गेले, "छे हो काकू, तुमच्याकडून काय घ्यायचं!"

काकू दोनदा आल्या. तिसऱ्यांदा डबाभर बेसनाचे लाडू पाठवले, स्वतः आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "फुकट किती वेळा यायचं? अवघडल्यासारखं होतं गं." आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. माझी भीड मी काकूंच्या गळ्यात बांधली होती. हे मला फार लागलं.

मग रोज संध्याकाळी सूरसागर तलावाला फेरी मारताना मी एकच वाक्य पुटपुटायचे: "एका तासाचे आठशे रुपये." वाक्य अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याच्यानंतर गप्प राहणं. "पण तुम्हाला जमेल तसं द्या" हे शेपूट आपोआप जिभेवर यायचं, ते गिळायला पंधरा-वीस दिवस लागले. नव्या कोचना मी हाच सराव सांगते, आणि तोही घरी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत.

एक मात्र कळकळीने सांगते. माणसांच्या धास्तीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, झोप उडाली असेल, तर कोचकडे येऊ नका, माझ्याकडेसुद्धा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक मोफत आहे. आमचं काम म्हणजे उपचार नव्हे.

काकूंना मी पुन्हा फोन केला, आणि त्यांच्याच परवानगीने हे लिहितेय. आठशे म्हटलं आणि गप्प बसले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. "गुरुवारी येते," त्या म्हणाल्या. गुरुवारी आल्या, दोनशेच्या चार नोटा टेबलावर ठेवल्या, पदर सावरून नीट टेकून बसल्या, आणि घड्याळाकडे एकदाही न बघता तासभर बोलल्या.