ग्लासगोचा मोठा आवाज आणि कस्तुरचंद पार्क

ग्लासगोत किंग टट्स म्हणून एक लहानसं ठिकाण आहे, ३०० माणसं मावतील एवढं. अशा जागी बारमागे राबणाऱ्यांच्या कानांसाठी इथे कायदा आहे. कामाच्या दिवसाची सरासरी ८५ डेसिबलला पोचली की मालकाने कानाचे बोळे द्यायचे आणि कामगाराने ते घालायचे. नियम २००५ चा, संगीताच्या धंद्याला एप्रिल २००८ पासून लागू. आपल्याकडे नियम नाहीत असं कोणी समजू नये. रात्री दहाचा धाक नागपुरातल्या प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. पण तो शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. धुमाळच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या बँडच्या, गाडीवर भोंग्यांना पाठ लावून तासन्‌तास वाजवणाऱ्या पोराच्या कानांची काळजी त्यातून होत नाही. इथली ही गोष्ट मला मनापासून पटते.

ग्लासगोपासून जवळच्याच किल्मार्नॉकचा तिघांचा बँड म्हणजे बिफी क्लायरो. आपल्या रॉकवाल्या पोरांत त्यांचा विषय निघाला की ठरलेला सवाल येतो: "पहिले तीन अल्बम काय भारी होते, मग हे बदलले काहून बे?" २००२, २००३ आणि २००४, दरसाल एक. पोस्ट-हार्डकोअर: मध्येच तुटणारा ताल, घसा फाडून ओरडणं, अचानक शांतता. मग २००७ मध्ये 'पझल' आला, तंतुवाद्यं आणि समूहस्वर घेऊन. २०१३ मध्ये ते रेडिंग आणि लीड्स या मोठ्या संगीत महोत्सवांत मुख्य बँड म्हणून उभे राहिले. "विकले गेले" म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. त्यांनी एकदा जागेचा हिशेब मांडून पाहावा.

लहान खोलीत आवाजाचं शेपूट ०.६ सेकंदात विरतं, मोठ्या बंदिस्त सभागृहात सहज २ सेकंद रेंगाळतं. विरणं म्हणजे ६० डेसिबल उतरणं. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एकेका मात्रेला चार ठोके वाजवले, तर दोन ठोक्यांत ८३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात लहान खोलीत मागचा ठोका ८ डेसिबल उतरतो, मोठ्या सभागृहात जेमतेम अडीच. पुढचा ठोका मागच्याच्या अंगावर पडतो आणि सगळ्याचा लगदा होतो. तेच ड्रम निम्म्या लयीत, ९० वर, एकेका मात्रेला एक ठोका धरून वाजवले, तर मध्ये ६६७ मिलिसेकंद मिळतात आणि मागचा ठोका २० डेसिबल खाली जातो. आता पुढचा स्वच्छ ऐकू येतो. ग्लासगोच्या हायड्रोसारख्या, सुमारे १४,००० माणसांच्या सभागृहात लांब सूर आणि रुंद कोरस लागतात ते यासाठी. आवाज चढवून हे साधत नाही. वर कायदा आडवा येतो तो वेगळाच.

'पझल'चं पहिलं गाणं नीट ऐका. सुरुवातीला तुटक फटके आणि त्यांच्यामध्ये पोकळी. मोजायला गेलात तर फसाल, कारण अंतरं सारखी नाहीत. म्हणजे जुना तिरकसपणा शाबूत आहे, फक्त पोकळीत आता तंतुवाद्यं आणि समूहस्वर येतात. बँडचा गायक सायमन नीलची आई गेल्यानंतरचा हा अल्बम. ते दुःख नुसत्या ओरडण्यात मावलं नसतं असं मला वाटतं.

घरी असा आवाज रेकॉर्ड करून पाहणाऱ्यांनी गिटारची एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दोनदा वेगवेगळी वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवावी. कॉपी केलेली चालत नाही, दोन्ही तंतोतंत सारख्या असल्या की आवाज मधोमधच बसतो. गेन, म्हणजे गिटारच्या आवाजाची खरखर, नेहमीपेक्षा कमी ठेवा, थरावर थर चढले की आवाज आपोआप दाट होतो. गिटारचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून ती जागा बास आणि किकला द्या. व्हायोलिन गिटारच्या एक सप्तक वर लिहा, त्याच पट्टीत लिहिलं तर ते ऐकूच येत नाही. स्टेजवर तंतुवाद्यं आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरून सोडणार असाल तर ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, हवीच. ७ मात्रांच्या गाण्यात एक मात्रा हुकली की बँड एकीकडे आणि ट्रॅक दुसरीकडे जातो. म्हणून ट्रॅक सलग ठेवू नका, कडवं-कोरस असे तुकडे करून प्रत्येक वेळी नव्याने सोडा.

नागपुरात महाल भागातल्या अरुंद बोळात ढोल दोन्ही भिंतींवरून काही मिलिसेकंदांत परततो, म्हणून तो मुळात आहे त्याहून वजनदार वाटतो. कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर काहीच परतत नाही. तिथे नुसते बॉक्स वाढवले की पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना पातळच ऐकू येतं. मधल्या खांबांवर वेगळे स्पीकर लावून, स्टेजचा आवाज तिथे पोचायला लागतो तेवढा उशीर त्यांना द्यावा लागतो. ग्लासगोत १५ अंशांना आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ६० मीटरला १७६ मिलिसेकंद. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी ४० अंश असतात, तेव्हा वेग ३५५ मीटर आणि उशीर १६९. इथले आकडे तसेच नेऊन बसवू नका. सूर्य बुडाल्यावर पहिल्या गाण्याआधी तापमान बघून पुन्हा मोजा.