चौदावा दिवस

१२ डिसेंबर, रात्री

गव्हाच्या रोपांवर तांबेऱ्याचे, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाचे, बीजाणू फवारून आज चौदा दिवस झाले, म्हणजे नोंदीचा दिवस. पानावरचे डाग बघून ० ते ४ आकडा लावायचा. ० म्हणजे पान स्वच्छ, ४ म्हणजे विटकरी पुडीनं भरलेले मोठे फोड. सव्वीस वर्षं हेच करतेय, तरी आदल्या रात्री झोप लागत नाही.

दुपारी विद्यार्थिनी एक कुंडी घेऊन आली. वाण प्रतिकारक, पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके, हवे तसेच. फक्त एका पानावर त्या ठिपक्यांच्या गर्दीत एकच फोड टरारून फुटलेला. बोट लावायचा मोह आवरला. लेन्समधून पाहिलं: फाटलेली साल, आत विटकरी पूड.

“मॅडम, दुसऱ्या कुंडीतून उडून आलेला दिसतोय. सोडून देऊ?”

पोटात गोळाच आला. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मलाही असाच फोड दिसला होता. वरिष्ठ म्हणाले, भेसळ आहे. मी वहीत तसंच लिहिलं आणि रोपं जाळली. असेलही भेसळ. पण तपासली नाही, ते अजून खुपतं. बुरशीची नवी रेस, म्हणजे नवा प्रकार, अशीच तर दिसते, जिथे फोड यायलाच नको तिथे. १९९८ साली युगांडात एसआर३१ या प्रतिकारक जनुकाच्या गव्हावर काळा तांबेरा दिसला, आणि जगभरच्या गव्हाचा मोठा आधार डळमळला. तीच रेस पुढे यूजी ९९ म्हणून ओळखली गेली.

आजोबा १९४६-४७ च्या हंगामाचं सांगायचे. शेतातून फिरून आलं की धोतर तांबडं व्हायचं, ओंबी चोळली तर हातात नुसता पोचट दाणा. तेव्हा त्यांना वाटायचं, रोग मातीतून येतो. आग्र्याच्या करमचंद मेहता या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं डोंगर-मैदानं धुंडाळून दाखवलं होतं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा तगत नाही, तो दरवर्षी डोंगरांतून वाऱ्यावर येतो. आपल्याकडचा काळा तांबेरा निलगिरी-पळणीच्या बाजूनं. आजोबांना हे सांगायचं राहून गेलं.

“सोडायचा नाही,” म्हटलं.

दोघींनी मिळून त्या एका फोडातली पूड आग्रा लोकल या तांबेऱ्याला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या सात दिवसांच्या रोपांवर उतरवली. ओल्या बोटांनी पानं आधी चोळून घेतली, पाणी फवारलं, वर प्लास्टिक झाकलं. तिचा हात थरथरत होता, माझाही. कुंडीवर तिनंच चिठ्ठी लावली: फोड १, १२ डिसेंबर.

आता २६ तारखेपर्यंत थांबायचं.