डॅनियल फ्रीमनचं शेत : नेब्रास्कातला एक शनिवार

अण्णांना अमेरिकेत येऊन दीड महिना झाला होता. धबधबा झाला, देऊळ झालं, मॉल तर तीनदा झाला. मग एक दिवस म्हणाले, "इथली शेती दाखवणार आहेस की नाही?" वसमतकडच्या काळ्या रानात जन्म गेलेला माणूस, त्यांना किती दिवस काचेच्या इमारती दाखवणार! सप्टेंबरातल्या एका शनिवारी ओमाहाहून निघालो, लिंकनवरून ७७ नंबरचा हायवे धरला आणि दोन तासांच्या आत बीॲट्रिस. उच्चारात जोर 'ॲ'वर द्या, नाहीतर पंपावरचा पोरगा हसतो. तिथून चारेक मैल पश्चिमेला होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. तिकीट नाही. आत खायला काही मिळत नाही, त्यामुळे धपाटे-दही घरूनच नेलं होतं. तुम्हीही डबा न्या.

गाडी लावली की लगेच आत पळू नका. ते पार्किंग मोजून बरोबर एक एकराचं केलंय. अण्णांनी ते पावलांनी मोजलं, मग गाडीला टेकून उभे राहिले. "अशी एकशेसाठ? फुकट?" 1862 च्या होमस्टेड कायद्यानं तेवढीच मिळायची. एकवीस वर्षं पूर्ण किंवा घरचा कर्ता असावा, सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं, पाच वर्षं राहून जमीन कसावी आणि सगळी फी मिळून अठरा डॉलर. बाईमाणसालाही स्वतःच्या नावानं अर्ज करता यायचा. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं सिलिंगमध्ये गेली असती." खरंच आहे, आपल्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहूची मर्यादा 54 एकर.

हे शेत डॅनियल फ्रीमनचं. मूळचा ओहायोचा, जन्म 1826 चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं होता, आपण टेहळणीचं काम करत होतो असं सांगायचा. त्याची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे. कायदा 1 जानेवारी 1863 ला लागू होणार, याला सुट्टी संपवून पलटणीत परतायचं. आदल्या रात्री ब्राउनव्हिलला नववर्षाची पार्टी चालली होती, तिथं त्यानं जमीन कचेरीतल्या माणसाला गाठून मध्यरात्रीनंतर लगेच कचेरी उघडायला लावली आणि अर्ज भरला. ही त्यानंच सांगितलेली कथा. त्या दिवशी देशभरात शेकडो अर्ज आले, तेव्हा 'पहिला' या शब्दावर मी फार भार देणार नाही. आपल्या तलाठ्याला 31 डिसेंबरच्या रात्री उठवून बघा, म्हणजे माझी शंका कळेल.

मला कथेपेक्षा पुढचं जास्त आवडलं. त्याचा एक भाऊ युद्धात गेला. त्या भावाशी लग्न ठरलेली आयोवाची ॲग्नेस सूटर. डॅनियलनं तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, पत्रांतूनच जमलं आणि 1865 च्या फेब्रुवारीत लग्न झालं. मग दोघं या माळावर आली. जमिनीचं पक्कं खातं त्याला 1869 मध्ये मिळालं. तिथल्या फोटोत म्हातारा बंदूक घेऊन आहे. ॲग्नेसनं काय काय ओढलं असेल ते कुठल्याच फोटोत येत नाही. हेरिटेज सेंटर, म्हणजे इथलं म्युझियम, त्याच्याजवळच्या टेकाडावर दोघांच्या कबरी आहेत. आम्ही गेलो तेव्हा वारा एवढा होता की टोपी हातात धरावी लागली.

फ्रीमनचं घर आता नाही. जवळ दुसऱ्या एका कुटुंबाची 1867 ची लाकडी खोली आणून ठेवलीय : 14 बाय 16 फूट, दहा मुलांचा संसार. दारात उभं राहून मुंडकी मोजा. म्युझियममध्ये शेवटच्या होमस्टेडरचा, म्हणजे या कायद्यानं जमीन मिळालेल्या शेवटच्या माणसाचा, अलास्कातला ट्रॅक्टरही ठेवलाय. त्याला खातं 1988 मध्ये मिळालं.

जमीन काही मोकळी पडली नव्हती, हे त्या म्युझियममध्येच सांगतात. हा ओटो-मिसुरिया या इथल्या मूळच्या जमातीचा मुलूख. 1854 च्या तहात त्यांच्याकडून बराचसा गेला, उरलेल्या तुकड्यावरूनही 1881 च्या सुमारास त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं. हा भाग घाईत उरकू नका.

मग पायवाटा. सगळ्या मिळून तीनेक मैल. 1939 पासून सुमारे शंभर एकरांत जुनं गवत पुन्हा वाढवलंय. सप्टेंबरात ते ऐन भरात असतं, अण्णा आत शिरले आणि नुसती टोपी दिसू लागली. पूर्ण पँट, मोजे त्यावर ओढून, आणि परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट तपासा. मला गुडघ्यामागे एक सापडलीच.

पाव मैलावर 1872 ची विटांची एकखोली शाळा आहे. इथं बाई वर्गात बायबल वाचतात म्हणून फ्रीमन शाळेच्या मंडळाविरुद्ध कोर्टात गेला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टात जिंकला. सत्तरी ओलांडलेला, भांडकुदळ म्हणा हवं तर, पण हे भांडण मला त्या मध्यरात्रीच्या अर्जाहून मोठं वाटतं. शाळा कधी उघडी असते ते आधी रेंजरला विचारा. आम्ही विचारलं नाही, खिडकीला नाक लावून बाकं बघितली.

परतताना शेताच्या कडेला ऑसेज ऑरेंज नावाच्या झाडांचं काटेरी कुंपण लागलं. तारेच्या आधी इथं गुरं असंच अडवायचे. खाली मोसंबीएवढी हिरवी, सुरकुतलेली फळं पडली होती. अण्णांनी एक उचललं, हुंगलं. "धुऱ्यावर लावायला बरं आहे. रानडुक्कर शिरायचं नाही." पार्कमधून काही न्यायचं नसतं, हे सांगितल्यावर त्यांनी ते परत झाडाखाली ठेवलं, आणि गाडीत बसेपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.