सरांचं घुमट

स्मरणिकेसाठी लिही असा फोन आला आणि मला शाळेतलं बाकी काही आठवलंच नाही, फक्त सायन्सचे सर आणि लॅबच्या कपाटावरचं ते घुमट, मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं मढवलेलं आपलं गोव्याचं वाद्य. सर मूळचे केमिस्ट्रीचे, पण गणेशचवथीला गावात घुमट वाजवत म्हणायच्या आरत्यांना ते पुढे बसायचे हे सगळ्यांना ठाऊकच आहे. आणि मी खरं सांगते, केमिस्ट्रीपेक्षा साउंडचा धडा त्यांनी दसपट चांगला शिकवला.

आठवीत मला व्हायब्रेशन म्हणजे काय ते डोक्यात शिरतच नव्हतं. सरांनी पुस्तक मिटलं, घुमट खाली काढलं, पावसाळी दमटपणाने कातडं सैल पडलेलं म्हणून व्हरांड्यात उन्हात ठेवलं आणि मग म्हणाले, "हात दवर गो हांगा," म्हणजे हात ठेव गं इथे. त्या काळी मुलींच्या हातात घुमट कोण देत होतं! मडक्याच्या लहान तोंडावर मी तळवा धरला, सरांनी पलीकडून कातड्यावर बोटं मारली आणि आतली हवा धप्पकन तळव्यावर आपटली. हात थोडा सरकवला तर आवाजच बदलला. कानाआधी हाताला कळलं. मग सर कातड्याच्या विषयावर घसरले, पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद, आता बकऱ्याचं, दोघांच्या नादात फरक काय, तास संपला तरी चालूच. पोर्शन मागे राहतो म्हणून त्यांना बोलणी बसायची, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण जो माणूस एखाद्या गोष्टीत जीव गुंतवून बसलाय त्याच्याकडूनच मुलं शिकतात, डिग्री कुठल्या का विषयाची असेना.

आज मी ऑडिओलॉजिस्ट आहे. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत मुलांचं ऐकणं तपासते आणि ज्याला काहीच ऐकू येत नाही त्या पोराचा हात आधी ढोलकीवर ठेवते, त्याचे डोळे मोठे होतात ना, तेव्हा मला आपली लॅब दिसते.

२०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य झालं तेव्हा सरांना फोन केला होता, सर कितीतरी वेळ बोलत होते. गेल्या महिन्यात मी शाळेत गेले, लॅबमध्ये स्मार्टबोर्ड आलाय, त्यावर साउंड वेव्ह छान हलते, पण घुमट कपाटामागे पडलेलं, कातडं फाटलेलं. मी ते घरी आणलंय. चवथीआधी मढवून परत देते, सर, पहिली थाप तुम्हीच मारायची.