आज आखणी केली

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला सीझन. पेणहून परदेशी जाणारे गणपती केव्हाच रवाना झाले, आता घरगुती शाडूच्या मूर्तींची घाई. डोळ्यांची आखणी कायम बाबांकडे असायची. आज ब्रश मी घेतला. पापणीची रेघ एका दमात ओढायची, मध्ये हात थांबला की नजर बिघडते, हे त्यांच्या शेजारी बसूनच शिकलेय.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून थेट कारखान्यात आला आणि काही न विचारता पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासायला बसला. खूप प्रेम वाटलं त्याचं.

वर्ष झालं नाही म्हणून यंदा आमच्याकडे सण नाही. पण तुमच्या घरी बसणाऱ्या बाप्पाची नजर बाबांच्याच वळणाची असेल. बुकिंग केलेल्यांनो, मूर्ती वेळेवर मिळतील.