आजीच्या ओव्या आणि माझी वही

मी कविता लिहिते त्याला सात आठ वर्षं झाली असतील, आधी ऑफिसच्या जुन्या डायऱ्यांमध्ये लिहायचे, मग मोबाईलच्या नोट्समध्ये. लिहिलं की मन हलकं होतं असं सगळे म्हणतात, सुरुवातीला माझंही व्हायचं, पण मधली चार वर्षं अशी गेली की लिहून उठलं की छातीत जास्तच धडधडायचं. विषय एकच होता, माझा भाऊ. हक्कसोडपत्रावर सही करायला मी चार दिवस मागितले होते, त्या चार दिवसांची चार वर्षं झाली, ना राखी ना भाऊबीज. मग प्रत्येक कवितेत तोच यायचा, कधी वठलेलं झाड म्हणून, कधी बंद दार म्हणून.

2023 ला रजा मिळाली आणि मैत्रिणीच्या ओळखीने आषाढी वारीला, माऊलींच्या पालखी सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीत नाव दिलं, भिशी म्हणजे जेवणाखाण्याचे पैसे भरले आणि आळंदीहून निघाले. सोबत कोरी दोनशे पानी वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ठरवलेलं की रोज एक अभंग लिहायचा. छंद मला येतो, मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या तिसऱ्या चरणाला यमक, बोटांवर मोजत बसायचं.

एक ओळ नाही झाली. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट, त्यात एकादशीचा उपवास, आणि त्या वर्षी पाऊस इतका लांबला होता की घाटात ढगाचा तुकडा नव्हता. सासवडला पोचले तेव्हा दोन्ही तळपायांना फोड आले होते. तंबूत शेजारच्या आजींनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, दोरा तसाच ठेवला म्हणजे पाणी निथळत राहतं. आजी परभणीकडच्या, सत्तरीच्या पुढच्या.

सासवडला दोन मुक्काम असतात. दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन करून आले आणि वही उघडून बसले तर आजी म्हणाल्या, "काय लिव्हायलीस माय?"

"अभंग. जमत नाहीये."

"मंग माझं लिव्ह. माझ्याकडं लई हायेत, लिव्हणारं कोणी नाई."

आणि सुरूच झाल्या.

जातं पडलं कोनात, पीठ गिरणीचं आलं
माझ्या ओव्यांचं दळण, माझ्या तोंडात ऱ्हायलं

मी लिहायचं सोडून बघतच राहिले. लग्न होऊन आल्यापासून जात्यावर जोडलेल्या ओव्या, मग गावात गिरणी आली, जातं बंद झालं, पण ओव्या सुचायच्या काही थांबल्या नाहीत आणि ऐकायला कोणी उरलं नाही. अक्षरं मोजली तर कुठे कमी कुठे जास्त, पण दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर त्या चालता चालता म्हणायला लागल्या तेव्हा कळलं की हिशोब पावलांचा आहे, माझ्या बोटांचा नाही.

जेजुरीच्या तळावर समाजआरतीला मी पहिल्यांदा नीट उभी राहिले. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, मध्ये पालखी, हजारो टाळ एकदम वाजतायत, आणि चोपदार चोप, म्हणजे हातातली काठी, उंच करतात तशी एका क्षणात शांतता, इतकी की शेजारणीचा श्वास ऐकू येतो. फक्त एका दिंडीचे टाळ चालूच होते. मला वाटलं त्यांना दिसलं नसेल, पण आजी म्हणाल्या ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. आणि खरंच, ऐकून घेतल्यावर टाळ थांबले. मग हरवलेल्या सापडलेल्या वस्तूंची नावं, उद्याची निघायची वेळ, आरती.

मला मात्र तिथेच रडू फुटलं. माझा टाळ चार वर्षं वाजत होता आणि ऐकणारी मीच होते.

त्या रात्री आजींना सगळं सांगितलं, भाऊ, सही, आईचं मधल्या मधे होणारं हाल, सगळं. त्या काहीच बोलल्या नाहीत, हं हं करत पायाला तेल चोळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वाल्ह्याच्या वाटेवर म्हणाल्या, वही काढ.

भाऊ बसला रुसून, मधी आडवा गं बांध
पाऊस पडू दे दोहीकडं, त्याला कुठला आला बांध

मी रस्त्याच्या कडेला बसून लिहून घेतलं. माझं दुःख दोन ओळीत, आणि त्यात माझी बाजू पण नाही आणि त्याची चूक पण नाही. इतक्या कवितांमध्ये हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

तिथून पुढे मी माझं लिहायचा प्रयत्नच सोडला. नीरास्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडे धावले, घोड्याच्या टापाखालची माती कपाळाला लावली, फलटण, नातेपुते, माळशिरस, आणि रोज रात्री कीर्तन आटोपलं की आजी सांगणार मी लिहिणार. जनाबाईचे अभंग देव स्वतः बसून लिहून घ्यायचा असं आपण लहानपणापासून ऐकतो, तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे लिहून ठेवायचे, चाकणचे तेली. मी कायम जनाबाईचा विचार करायचे. लिहून घेणाऱ्याला काय वाटत असेल हा विचार कधी आलाच नव्हता. दुसऱ्याचा शब्द नीट उतरवायचा तर आपल्या डोक्यातला गलका बंद ठेवावा लागतो, एक शब्द चुकला की आजी म्हणायच्या आसं नाई माय, परत ऐक. मी परत ऐकायचे. वही मिटली की झोप लागायची, गोळीशिवाय, कितीतरी दिवसांनी.

वाखरीला पोचेपर्यंत त्रेचाळीस ओव्या झाल्या. पंढरपुरात आजींनी दर्शनबारी धरलीच नाही, कळसाला हात जोडले, नामदेव पायरीपाशी डोकं टेकवलं, म्हणाल्या भेट झाली.

घरी आल्यावर सगळ्या ओव्या चांगल्या अक्षरात उतरवल्या, झेरॉक्स काढून स्पायरल केलं आणि पोस्टाने त्यांच्या गावी पाठवलं, नात वाचून दाखवते म्हणे. बांधाची ओवी एका कागदावर लिहून राखीच्या पाकिटात घातली. भावाचा फोन आला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घातली, तेव्हाही नाही. पण त्याच्यावर कविता आता होत नाही, आणि आई त्याचं नाव काढते तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जात नाही.

आजींचा फोन मात्र येतो, नातीच्या मोबाईलवरून, बहुतेक रात्री जेवणं झाल्यावर. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट म्हणतात, "वही घे माय."