सालीवरचा सातबारा

कॅनबेरात बघण्यासारखं काही नाही, असं सिडनीतल्या झाडून सगळ्यांनी बजावलं होतं. तरी गेले. बसने साडेतीन तास, आणि खिडकीबाहेर मेंढ्याच मेंढ्या.

संसद भवनात काचेआड निलगिरीच्या जातीच्या झाडाची साल ठेवलीय. मधोमध टाइप केलेला कागद चिकटवलेला, भोवती मासे, कासवं आणि बारीक रेघांची जाळी. मी मनात म्हटलं, वा, अर्जाला चौकट काय सुरेख काढलीय! माहिती वाचल्यावर ओशाळले. अर्ज तो कागद होता खरा, पण चौकट म्हणजे सातबारा होता.

१९६३ साली उत्तरेकडच्या यिरकला इथल्या योल्ङू या मूलनिवासी लोकांची ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. त्यांना न विचारता. त्यांच्यात प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली. ती त्या कुळाच्या जमिनीशी बांधलेली, दुसऱ्याने काढायची नाही. म्हणून नक्षी काढणं म्हणजेच जमीन कुणाची ते सांगणं. याविरुद्ध त्यांनी संसदेकडे केलेला हा अर्ज त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत होता. सह्या करणारी मंडळी वयाने लहान आहेत, असा आक्षेप आला, तर दुसऱ्या अर्जासोबत वडीलधाऱ्यांचे अंगठे आले! आपल्या तलाठी कार्यालयाची आठवण झाली.

खाण थांबली नाही. १९७१ मध्ये ते कोर्टातही हरले. पण विषय मिटला नाही, आणि १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत मूलनिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. एकट्या सालीमुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या नकाराची सुरुवात तिथून झाली.

दुपारी राष्ट्रीय कलादालनात शिरले. तिथे २०० पोकळ, रंगवलेले ओंडके उभे आहेत. यिरकला ज्या भागात येतं त्या अर्नहेम लँडमध्ये मृतांच्या अस्थी अशा ओंडक्यांत ठेवत. ओंडका आतून पोखरायचं काम वाळवीचं. १९८८ मध्ये गोऱ्यांच्या वसाहतीची २०० वर्षं देशभर साजरी होत होती, तेव्हा तिथल्याच रामिंगिनिंग गावच्या ४३ कलाकारांनी वर्षाला एक याप्रमाणे हे ओंडके रंगवले. जमीन वाचवताना मेलेल्या, पण ज्यांचे विधी कुणी केले नाहीत, अशा आपल्या माणसांसाठी. मधली पायवाट त्यांच्या ग्लाइड नदीच्या वळणाने जाते.

मी त्या वाटेने ओंडके मोजत निघाले. एकसष्टपर्यंत आले आणि मोजणी चुकली. पुन्हा सुरू करायला वेळ नव्हता. शेवटची बस सुटायला वीस मिनिटं होती.